फिल्टर चालू आहे, पण धार नाही

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे का ते लगेच कळेल.

फिश टँकच्या फिल्टरचा आवाज येतो, पण बाहेर पडणारी धार दिवसेंदिवस बारीक होत जाते. पाण्याचा वरचा थर हलत नाही आणि त्यावर तेलकट तवंग धरतो. चार दिवसांपूर्वी पाणी बदललं तरी ते पुन्हा दुधाळ दिसायला लागतं. झाकण उघडलं की कोंदट वास येतो. लाईट जाऊन आली की फिल्टर नुसता गुरगुरतो, पाणी ओढत नाही. कधी खडखड आवाज येतो, कधी अजिबात येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड मारत राहतात.

दोन गोष्टी या यादीत धरू नका. पाणी हिरवं झालं असेल तर ते शेवाळ आहे. टँकवर ऊन येतंय किंवा दिवा फार वेळ चालू राहतोय, त्यात पंपाचा, म्हणजे फिल्टरमधून पाणी ओढणाऱ्या मोटरचा, दोष नाही. आणि फायटर किंवा गुरामी जातीचे मासे अधूनमधून वर येऊन हवा घेतात तो त्यांचा स्वभाव आहे, त्यांना हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळा अवयव असतो. गोल्डफिश, गप्पी, टेट्रा वर येऊन थांबले तर मात्र घाई करा.

वरची दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की लोक म्हणतात, पंप गेला. परळच्या आमच्या चाळीत आणि आता आजूबाजूच्या टॉवरमधूनही मुलं माझ्या दाराशी येतात, “मावशी, पंप गेला, नवीन आणायला क्रॉफर्ड मार्केटला जाऊ का?” वीस वर्षं मी हाच बिघाड काढत आले आहे. पंप क्वचितच गेलेला असतो. तो गाळाने गुदमरलेला असतो. आणि तो मोकळा करताना लोक जे करतात, त्यात मासे मरतात. म्हणून सोप्यापासून अवघडाकडे जा आणि मधली पायरी गाळू नका.

मासे आत्ता वर तोंड मारत असतील तर

बाकी सगळं थांबवा. टँकमधलं पाव हिस्सा पाणी काढा आणि क्लोरीन काढलेलं, साधारण तेवढंच कोमट-गार पाणी हळूहळू घाला. मग तांब्याने टँकमधलंच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतत राहा, पंधरा-वीस मिनिटं. पाण्याचा वरचा थर फुटला की हवा मिसळते. त्या दिवशी खाणं देऊ नका.

मे महिन्यात हे जास्त होतं, त्याला कारण आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३२ अंशांना सुमारे ७.३. आपल्याकडे बंद खोलीतला टँक मे महिन्यात ३१-३२ अंशांवर सहज जातो. त्यात गरम पाण्यात माशांना प्राणवायू जास्त लागतो. जानेवारीत चालून गेलेली अर्धी धार मे महिन्यात पुरत नाही.

पहिली तपासणी: प्लग आणि पाण्याची पातळी

खर्च शून्य. प्लग काढून त्याच्या पिना बघा. समुद्राच्या हवेने पितळेवर हिरवट थर धरतो, मग पंपाला वीज तुटक मिळते आणि तो मधेच थांबतो. कोरड्या कापडाने, लागलंच तर पॉलिश पेपरने पुसा. एकाच स्पाइक गार्डवर हीटर, दिवा, पंप आणि मोबाइलचा चार्जर असेल तर पंप थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. वायर टँकपासून सॉकेटकडे सरळ उतरत असेल तर तिला मधे सॉकेटच्या खाली जाईल असा झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटात न शिरता तिथेच ठिबकेल.

मग पातळी. काचेच्या कडेला मागून टांगतात तो फिल्टर पाणी दोन बोटं जरी खाली गेलं तरी हवा ओढायला लागतो आणि खडखडतो. उन्हाळ्यात बाष्प होऊन आठवड्यात एवढं पाणी सहज उडतं. असा फिल्टर लाईट गेल्यावर पुन्हा सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. बंद पडल्यावर त्याच्या डब्यातलं पाणी उतरतं आणि लाईट आल्यावर मोटर कोरडी फिरते. टँक भरा, फिल्टरच्या डब्यात दोन तांबे पाणी ओता, मग चालू करा. बरेचदा काम इथेच होतं.

दुसरी: धार मोजा

डोळ्यांवर विसंबू नका. एक लिटरचं माप धारेखाली धरा आणि ते किती सेकंदांत भरतं ते मोबाइलवर बघा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किती लिटर ते आलं. टँकच्या आत बसणाऱ्या फिल्टरचं तोंड बुडलेलं असेल तर त्याला वीतभर नळी जोडून ती काठावरून मापात सोडा.

आता टँक. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टँकचा हिशेब ५६ लिटर येतो, पण खडी, दगड आणि वरची रिकामी जागा धरून पाणी साधारण ४५ लिटर असतं. साध्या माशांसाठी सगळं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून गेलं पाहिजे, म्हणजे सुमारे २०० लिटर. मापाच्या भाषेत एक लिटर १८ सेकंदांत. तुमचं ४० सेकंद घेत असेल तर तुम्हाला ९० लिटरच मिळतंय, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

हा आकडा कागदावर तारखेसह लिहून स्टँडला चिकटवा. पुढची प्रत्येक पायरी केल्यावर पुन्हा मोजा. अडथळा कुठे होता ते त्यातूनच कळतं, आणि पुढच्या वेळी धार कमी होतेय हे मासे सांगायच्या आधी कळतं.

तिसरी: जाळी आणि स्पंज

ही पायरी मी सविस्तर सांगणार आहे, कारण नुकसान इथे होतं.

पंप ज्या फटींतून पाणी ओढतो त्या जाळीवर पानं, शेवाळाचे धागे, कधी एखादी गोगलगाय अडकते. हाताने काढा. मग स्पंज. नवा स्पंज दाबला की पटकन फुगतो, भरलेला स्पंज चिखलाच्या गोळ्यासारखा जड लागतो. तो धुवायचा, पण नळाखाली नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका नववीतल्या मुलाने परीक्षा संपल्यावर मोठ्या हौसेने टँक साफ केला. सगळं पाणी उपसलं, खडी बादलीत घेऊन खळखळून धुतली, स्पंज आणि फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगा नळाखाली धरून पांढऱ्या होईपर्यंत चोळल्या. टँक दुकानातल्यासारखा झाला. तिसऱ्या दिवशी तो आला, डोळे भरलेले. “मावशी, मी सगळं स्वच्छ केलं ना, मग का मरतायत?” चार गोल्डफिशपैकी दोन गेले होते. उरलेल्यांचे कल्ले तपकिरी दिसत होते.

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. माशांच्या लघवीतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना जाळतो. स्पंजवर, रिंगांवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटसुद्धा विषारी असतं, त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि कल्ले तपकिरी होतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून कमी करता येतं. म्हणजे खरा फिल्टर हे जिवाणू आहेत. पंप त्यांच्यापर्यंत पाणी नेतो, एवढंच. महापालिकेचं पाणी आपल्यासाठी क्लोरीन घालून येतं आणि ते क्लोरीन या जिवाणूंना मारतं. नव्या टँकमध्ये ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ती एका दुपारी धुऊन गेली की तुमचा टँक पुन्हा नवा झाला, आणि मासे मात्र तेवढेच आहेत.

म्हणून पाणी बदलताना टँकमधून काढलेलं पाणी बादलीत घ्या आणि त्यातच स्पंज आठ-दहा वेळा दाबा. पाणी चहासारखं होईल. स्पंज तपकिरीच राहील, तसाच हवा. रिंगा हलक्या हाताने त्याच पाण्यात हलवून परत ठेवा. दोन स्पंज असतील तर आज एक, दुसरा पंधरा दिवसांनी. साबण, धुण्याची पावडर, मीठ काहीही नको. पांढरा कापूस असतो, तो मात्र गाळ धरण्यापुरता आहे. तो चोंदला की फेका आणि नवा घाला, पातळ थर पुरतो. दाट कोंबला तर तोच धार अडवतो. काळ्या कोळशाची पिशवी महिनाभरात निकामी होते, पुढे ती फक्त वाट अडवते. पाण्यातून औषध काढून टाकायचं नसेल तर ती नसली तरी चालते.

औषधावरून आठवलं. मासा जरा मलूल दिसला की दुकानदार निळं औषध हातात ठेवतात. मिथिलीन ब्लू आहे ते, आणि ते या जिवाणूंनाही मारतं. द्यायचंच असेल तर आजारी मासा वेगळ्या टबात काढून तिथे द्या.

चौथी: इम्पेलर

स्पंज धुऊनही धार आली नाही तर पंपाच्या पोटात बघायचं. प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटबाहेर हवी, आणि टँकमध्ये हात घालण्याआधी हीटरचीसुद्धा.

पंपाचं पुढचं टोपण फिरवून किंवा ओढून निघतं. आत पंखा दिसतो, त्याच्या मागे पेरभर लांबीचं काळं चुंबक. हा पंखा-चुंबकाचा जोड म्हणजे इम्पेलर. पंखा चिमटीत धरून ओढा. चुंबक आतून धरून ठेवतं, थोडं ताणल्यावर टचकन सुटून येतं. हे काम मोरीत करू नका, स्टीलच्या ताटात करा. दांडीच्या दोन्ही टोकांना मुगाएवढी रबरी बुशं असतात, ती मोरीच्या जाळीतून गेली की पंप कायमचा खडखडतो. माझी दोन अशी गेली आहेत.

चुंबकावर आणि त्याच्या खोबणीत तपकिरी बुळबुळीत साय धरलेली असते. बोटाला लागते तशी पातळच असते, पण चुंबक आणि खोबणीतली जागा कागदाएवढी, त्यामुळे तेवढी साय पंखा जड करायला पुरते. जुना टूथब्रश आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीने दोन्ही पुसून घ्या. इथे नळाचं पाणी चालतं, या भागातल्या जिवाणूंवर टँक अवलंबून नाही. एखाद-दुसरा वाळूचा कण किंवा बारीक गोगलगाय सापडेल, तिथेच तुमची खडखड होती.

आता तीन गोष्टी नीट बघा. दांडी पांढऱ्या सिरॅमिकची असेल तर ती मधे तडकलेली नाही ना? सिरॅमिक काचेसारखं तुटतं, आणि तुटलेली दांडी डोळ्यांना चटकन दिसत नाही, बोटाने फिरवल्यावर करकरते. दुसरं, चुंबकावरचं प्लॅस्टिकचं वेष्टण फुगलंय का? स्वस्त पंपांत ते चिरतं, पाणी आत जातं, चुंबक गंजून फुगतं आणि खोबणीत घासतं. असा इम्पेलर घासून बसवू नका, बदला. तिसरं, पंख्याची पाती मोडली आहेत का?

एक गोष्ट बिघाड समजू नका. पुष्कळ लहान पंपांत पंखा चुंबकावर थोडा सैल फिरतो, मग अडतो. तो मुद्दाम तसा केलेला असतो, मोटरला सुरुवातीला झटका घ्यायला जागा मिळावी म्हणून. मी लोकांनी तो फेव्हिक्विकने पक्का चिकटवलेला पाहिला आहे, मग मोटर सुरूच होत नाही, नुसती थरथरते. तसंच या मोटरी सुरू होताना कधी उजवीकडे फिरतात, कधी डावीकडे. त्यातही काही चुकीचं नाही.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर टँक चालत असेल तर चुंबकावर पांढरा कडक थर मिळेल. तो खरवडू नका. साध्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, ब्रशने काढा, भरपूर पाण्याने धुवा. नुसतं महापालिकेचं पाणी असेल तर हा थर फारसा धरत नाही.

पुन्हा जोडून पंप बादलीतल्या पाण्यात चालवून बघा, टँकमध्ये लगेच नको. सरळ धार आली तर झालं. इम्पेलर सुटा मिळतो, नव्या पंपापेक्षा कितीतरी स्वस्त. दुकानात जाताना पंपावरचा मॉडेल क्रमांक आणि जुना इम्पेलर दोन्ही न्या, दिसायला सारखा असलेला दुसरा बहुतेक वेळा बसत नाही.

पाचवी: नळी आणि उंची

स्टँडखाली ठेवतात त्या कॅनिस्टर फिल्टरला ही तपासणी लागते. नळी कुठे मुडपली आहे का बघा. आतून शेवाळ आणि साय धरून तिचं भोक अर्धं झालेलं असतं, लांब ब्रश घालून काढा. फिल्टर हळूच तिरपा करून हलवा, फुगे निघाले तर आत हवा अडकली होती. झाकणाच्या रबरी कड्याला फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिनने रबर फुगतं आणि महिन्याभराने जमिनीवर पाणी येतं.

खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा रिकाम्या पंपाचा असतो, पाणी वर न चढवता मोजलेला. शेजारीच कमाल उंची दिलेली असते. त्या उंचीला धार शून्य होते. कमाल उंची एक मीटर असलेल्या पंपाला तुम्ही पाऊण मीटर चढवायला लावलं तर तो स्वच्छ असूनही रडणारच.

सहावी: एअर पंप

स्पंज फिल्टर एअर पंपावर चालत असेल तर क्रम वेगळा. नळी पंपाजवळ सुटी करून बोट लावा. हवा जोरात येत असेल तर पुढचा एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे काढणारा दगड, चोंदला आहे, तो दहा-वीस रुपयांचा असतो, बदला. हवाच कमी असेल तर आतला रबरी पडदा फाटला आहे. हा पडदाही सुटा मिळतो. पंप कडाप्प्याच्या फळीवर ठेवला की रात्रभर घूं घूं ऐकू येतं, तो भिंतीच्या खिळ्याला दोरीने टांगा. जागा मात्र पाण्याच्या पातळीच्या वर हवी, नाहीतर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं उतरून पंपात आणि तिथून सॉकेटात जातं. वर जागा नसेल तर नळीत एकेरी झडप बसवा.

लाईट गेली तर

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबईभर लाईट गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. त्या दिवशी माझ्या टँकमधले मासे वीज नसताना वाचले आणि वीज आल्यावर धोक्यात आले. बंद कॅनिस्टरमध्ये अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरायला लागतात, सडका वास सुटतो. फिल्टर आपोआप सुरू झाला आणि ते सगळं टँकमध्ये ओतायला लागला. वास आला म्हणून मी धावत जाऊन प्लग काढला. तेव्हापासून नियम असा: लाईट गेली की फिल्टरचा प्लग काढायचा, आणि दोन-तीन तासांहून जास्त वेळ गेला तर आतलं पाणी मोरीत ओतून, बादलीत टँकचं पाणी घेऊन त्यात स्पंज दाबून मगच चालू करायचा. सेलवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवा, स्वस्त असतो. साध्या, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर या मोटरी गुरगुरतात आणि तापतात, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

रात्री आवाज नको किंवा बिल वाढेल म्हणून फिल्टर बंद करणारेही पुष्कळ आहेत. दहा वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तर सात युनिट जातात. बंद करू नका.

सातवी: धार ठीक आहे, तरी पाणी दुधाळ

मग दोष पंपात नाही, भारात आहे. दोन फुटी टँकमध्ये सहा गोल्डफिश असतील तर कुठलाच पंप पुरणार नाही. गोल्डफिश खूप खातात, खूप घाण करतात. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या, घरातल्या एकाच माणसाने. आजोबा एकदा, नातू एकदा आणि येणारा पाहुणा एकदा, असं चाललं की तळाशी खाणं कुजतं.

अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) मोजायचं थेंबांचं किट आणा. नव्या पंपापेक्षा हा खर्च आधी करा. पहिले दोन शून्य हवेत.

पीएचबद्दल मुंबईकरांनी खास लक्ष द्यावं. आपलं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतलं, पावसाचं साठवलेलं. त्यात क्षार कमी. ते जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात, आणि ते शोषून घेणारे क्षार आपल्या पाण्यात लवकर संपतात. महिनोन्महिने पाणी न बदलता नुसती वरची भर घातली की पीएच सहाच्या खाली घसरतो आणि जिवाणू मंदावतात. अमोनिया साठतो, पण आम्ल पाण्यात तो कमी विषारी रूपात असल्यामुळे मासे जगतात. मग एखाद्या रविवारी कोणीतरी निम्मं पाणी बदलतं, पीएच एकदम वर जातो, साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो आणि संध्याकाळपर्यंत मासे आडवे. लोक म्हणतात, नव्या पाण्याने मेले. अशा जुन्या टँकचं पाणी रोज दहावा हिस्सा असं दोन आठवडे बदला, त्यानंतर दर आठवड्याला पाव. धुतलेल्या शिंपल्यांचा मूठभर चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवला की तो हळूहळू विरघळून क्षार देत राहतो.

नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवा, चोवीस तासांत क्लोरीन उडतं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब.

आठवी: नवा पंप घ्यायचाच असेल तर

इम्पेलर नवा, स्पंज मोकळा, नळी स्वच्छ, आणि तरीही माप भरायला दुप्पट वेळ लागतोय, तर घ्या. माझं मत सांगते. फायटर, गप्पी किंवा पिल्लं असतील तर स्पंज फिल्टर आणि एअर पंप, याहून चांगलं काही नाही. फायटरचे पंख जोरदार प्रवाहात फाटतात. दोन फुटांपर्यंत आतला फिल्टर चालतो, पण मी मागे टांगायचा फिल्टर निवडते, कारण त्यात रिंगांना जागा मिळते आणि पाण्यात हात न घालता तो साफ होतो. गोल्डफिशसाठी टँकवर बसणारा लांबट टॉप फिल्टर घ्या, त्यात स्पंज भरपूर मावतो. तीन फुटांच्या पुढे कॅनिस्टर.

खोक्यावरचा आकडा तुमच्या गरजेच्या दीडपट ते दुप्पट धरा, कारण स्पंज भरल्यावर आणि पाणी चढवल्यावर धार तेवढी उतरते. दुकानदाराला आधी विचारा, याचा इम्पेलर सुटा मिळतो का. नाही म्हणाला तर तो पंप घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. जुना फिल्टर लगेच फेकू नका. महिनाभर दोन्ही चालवा, किंवा जुना स्पंज कापून नव्यात घाला, म्हणजे वसाहत सोबत जाते.

इथे थांबा, माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या, ओल्या काचेला बोट लावून करंट जाणवला, किंवा पंप लावला की घरातला ब्रेकर पडतो: मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. पंप फेका. पाण्यात बुडणाऱ्या पंपाची मोटर राळेत पक्की केलेली असते, ती उघडून दुरुस्त होत नाही, आणि वायर चिरली तर तिला टेप लावून पुन्हा पाण्यात सोडायची नसते. जळका वास किंवा फुगलेलं आवरण दिसलं तरी हेच. वायरमन आलाच आहे तर अर्थिंग तपासून घ्या, करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसलाय का विचारा, आणि दोन चपट्या पिनांचे परदेशी प्लग असतील तर ते बदलून घ्या, अडॅप्टरमध्ये ते सैल बसतात आणि तापतात.

टँकच्या तळाच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर वरून सिलिकॉन फासू नका. मासे बादलीत काढा, टँक रिकामा करा आणि टँक बनवणाऱ्याला दाखवा.

तीन फुटी टँक भरल्यावर काच, खडी आणि स्टँडसकट दोनशे किलोंच्या पुढे जातो. आमच्यासारख्या लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत स्टँड एका बाजूला कलला, पाण्याची रेघ तिरकी दिसली, तर पायाखाली पुठ्ठा सारू नका. त्याच दिवशी पाणी उपसा आणि इमारतीचं काम बघणाऱ्या इंजिनिअरला जमीन दाखवा.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, धार बरोबर, तरी मासे एकामागून एक जात असतील तर तो आजार आहे. औषधांच्या बाटल्या आलटूनपालटून ओतू नका. माशांवर उपचार करणारे पशुवैद्य मुंबईत आहेत, त्यांना गाठा. जाताना स्टँडवरचा तो कागद, किटचे आकडे आणि टँकमधल्या पाण्याची स्वच्छ धुतलेली एक बाटली भरून घेऊन जा.